लागलेला शब्द मुरतो कसा?

"तू तेव्हा काय बोललीस, ते शब्दन् शब्द आठवतंय मला." वीस वर्षांपूर्वीचं भांडण निघालं की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण भावना आणि आठवण यांच्या नात्याबद्दल आपल्या बऱ्याच समजुती या एका वाक्यात दडलेल्या आहेत.

गैरसमज : जिव्हारी लागलेला शब्द त्याच क्षणी कायमचा कोरला जातो.

कोरण्यापेक्षा मेंदूचं हे काम लोणच्यासारखं आहे. मुरायला वेळ लागतो. 1963 साली क्लाइनस्मिथ आणि कॅप्लन या अमेरिकी संशोधकांनी लोकांना आठ इंग्रजी शब्द दाखवले आणि प्रत्येकाशी एक अंक जोडून दिला. चुंबन, पैसा, परीक्षा, ओकारी अशा अर्थांचे ते शब्द. यातला कोणता शब्द खळबळ उडवणारा, हे संशोधकांनी स्वतः ठरवलं नाही. ज्याच्या त्याच्या त्वचेच्या विद्युतरोधात होणाऱ्या बदलावरून ते ठरलं. एखाद्याला परीक्षेनं घाम फुटतो, दुसऱ्याला पैशानं. दोन मिनिटांनी विचारलं, तेव्हा खळबळजनक शब्दांचेच अंक कमी आठवले! आठवड्यानं ज्यांना विचारलं, त्यांचं नेमकं उलट : साध्या शब्दांचे अंक विरून गेलेले आणि खळबळजनक शब्दांचे वर आलेले.

सुरुवातीची ती पिछेहाट पुढच्या प्रयोगांत दर वेळी दिसली नाही. दुसरा भाग मात्र टिकला. 1998 मध्ये लाबार आणि फेल्प्स यांनी चक्क शिव्यांसारखे निषिद्ध शब्द वापरले. तासाभरात साधे शब्द गळाले, हे गळाले नाहीत. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या एका बाजूच्या कानशिलाकडचा भाग काढलेल्या रुग्णांमध्ये मात्र हा फरक दिसला नाही. त्यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारचे शब्द सारख्याच वेगानं विसरले गेले. त्याच भागात अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ असते. मन हललं की अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून स्राव सुटतात, अमिग्डाला जागी होते आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या आठवणीचं जे बस्तान बसत असतं, त्याला जोर देते. हे काम तासन् तास चालतं. म्हणजे भावना शब्द ठळक लिहिते असं म्हणण्यापेक्षा, तो पुसू देत नाही असं म्हणावं.

गैरसमज : वाईट शब्दच लक्षात राहतात, कौतुक विसरलं जातं.

वरच्या यादीत चुंबनही होतं आणि ओकारीही. गोड-कडूपेक्षा अंग किती शहारलं, याला जास्त महत्त्व. मिळमिळीत कौतुक विसरलं जातं, ते कौतुक असल्यामुळे नव्हे, मिळमिळीत असल्यामुळे.

गैरसमज : इतकं स्पष्ट आठवतंय, म्हणजे ते बरोबरच असणार.

इथे भलेभले फसतात. 28 जानेवारी 1986 रोजी 'चॅलेंजर' अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उलरिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे, कुणाकडून, काय करत असताना कळली? अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यापैकी 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही. सगळं जुळलं ते फक्त तिघांचं. खात्री मात्र बहुतेकांना होती. जुने कागद समोर ठेवले, तेव्हा त्यांनी अक्षर आपलंच असल्याचं मान्य केलं, पण नवी आठवण काही सोडली नाही.

भावनेमुळे प्रसंगाचा गाभा टिकतो, आणि खात्री तर त्याहून चिवट असते. कडेचे तपशील आपण नकळत नव्यानं भरत जातो. त्या वीस वर्षांपूर्वीच्या भांडणात कुणीतरी दुखावलं गेलं होतं, हे खरंच. वाक्य नेमकं काय होतं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी कागदावर उतरवलेलं नसतं. म्हणून दोघंही अजून आपापल्या शब्दांवर ठाम असतात.