‘पर्यंत’ आणि इंग्रजींतील पूर्ण भविष्यकाळ

आपल्या घरांतील मुलें इंग्रजी अस्खलित बोलतात; परंतु परदेशच्या विद्यापीठाकडे प्रवेशाचा अर्ज धाडावयाचा झाला म्हणजे ‘आय विल कम्प्लीट माय डिग्री टिल जून’ असें वाक्य बिनदिक्कत लिहून जातात. अर्ज वाचणारास एवढेंच जाणावयाचें असतें कीं, वर्ग सुरू होतील तेव्हां पदवी पदरांत पडलेली असेल कीं नाहीं. त्याचें निःसंदिग्ध उत्तर ‘आय विल हॅव कम्प्लीटेड माय डिग्री बाय जून’ या वाक्यानें मिळतें. पहिल्या वाक्यानें तो बुचकळ्यांत मात्र पडतो.

या चुकीचें मूळ मराठींतील ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययांत आहे. ‘सोमवारपर्यंत मी येथें राहीन’ आणि ‘सोमवारपर्यंत मी काम संपवीन’ या दोहोंत आपण एकच अव्यय योजितों; इंग्रजीस दोन लागतात. पहिल्यांत क्रिया मर्यादेपर्यंत अखंड चालते, तेथें ‘टिल’. दुसऱ्यांत ती मर्यादेच्या आंत केव्हां तरी संपते, तेथें ‘बाय’. पूर्ण भविष्यकाळाचें सख्य बहुधा या ‘बाय’शीं. ‘द ट्रेन विल लीव्ह ॲट फाइव्ह’ म्हणजे गाडी पांचाला सुटेल, वेळेवर गेल्यास मिळेल. ‘द ट्रेन विल हॅव लेफ्ट बाय फाइव्ह’ म्हणजे पांचाला पोंचणारानें रिकामा फलाट पाहून परत फिरावें.

पाणिनीनें या अर्थासाठीं निराळा लकार ठेविला नाहीं. लुट् आणि लृट् या दोहोंवरच भविष्याचा भार आहे. तथापि भूत आणि भविष्य यांची ही गुंफण त्याच्या नजरेंतून सुटली नव्हती. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायांतील चौथ्या पादाचें पहिलेंच सूत्र सांगतें कीं, धात्वर्थांचा परस्पर संबंध असतां प्रत्यय आपल्या नेमलेल्या काळाहून अन्य काळींही साधु ठरतात. त्यावरील परंपरागत उदाहरण ‘याला अग्निष्टोम केलेला पुत्र होईल’ अशा अर्थाचें आहे. याग केलेला, आणि जन्म तर अजून व्हावयाचा! मुख्य क्रिया भविष्यांतील असल्यानें गौण पदांतील भूतकाळही तिच्यामागें भविष्यांत ओढला जातो. ज्याला हें एकदां उमगलें त्याला ‘विल हॅव’ची घोकंपट्टी करावी लागत नाहीं.

मराठींत ‘त्यानें पत्र वाचलें असेल’ म्हटलें कीं भविष्य दूर राहून तर्कच पुढें येतो. नवल असें कीं इंग्रजीचीही हीच रीत आहे: ‘ही विल हॅव रेड द लेटर बाय नाउ’ यांत भविष्य मुळींच नाहीं.

‘तुम्ही याल तोंवर’ यांतील ‘याल’ मात्र इंग्रजींत नेऊं नये. ‘बाय द टाइम यू कम, आय शॅल हॅव कुक्ड द मील’ असें म्हणावें. कालदर्शक गौण वाक्यांत ‘विल’ येत नाहीं. (प्रथमपुरुषी ‘शॅल’ हा जुना दंडक आतां बहुतेक मावळला असून सर्वत्र ‘विल’ चालतें, आमची लेखणी मात्र अद्याप ‘शॅल’कडेच वळते.) क्रिया किती काळ चालली हें सांगावयाचें तर ‘बीन’ घालावें: ‘बाय जून शी विल हॅव बीन टीचिंग फॉर 10 इयर्स’. ‘नो’सारख्या स्थितिवाचक धातूंस हें रूप लागत नाहीं, तेथें ‘विल हॅव नोन’ एवढेंच लिहावें.