बॉनेट उघडून (भाग ९) : मधल्या नटाला हात लावू नका

गेल्या आठवड्यात आपण ब्रेकपॅड घरच्या घरी बदलले. त्या हुरुपात ‘आता शॉकअपही आपणच बदलू, गॅरेजला कशाला पैसे द्यायचे?’ असं वाटणं साहजिक आहे. त्यातून पावसाळा सरतोय. खड्ड्यात चाक गेलं की पुढून ‘खट्’ वाजायचे दिवस. माझं उत्तर असं : मागचे खुशाल बदला. पुढचे काढा आणि बसवा तुम्ही, पण त्यामधलं एक काम दुसऱ्याला करू द्या.

हे असं का, ते कळायला आधी एक गैरसमज दूर करू. नावात ‘शॉक’ असला तरी धक्का हा भाग झेलत नाही. धक्का झेलते स्प्रिंग. मात्र एकदा दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला एकटं सोडलं तर गाडी गतिरोधकानंतर बराच वेळ पाळण्यासारखी डुलत राहील. ते डुलणं शॉकअप मारतो. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि उसळीची उष्णता होते. जुन्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाटे होते. त्यांची पानं एकमेकांवर घासून यातलं थोडं काम आपसूक करायची. गुंडाळीच्या स्प्रिंगला ती सोय नाही.

बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. त्यामुळे मागचं काम म्हणजे वर एक नट, खाली एक बोल्ट. चाकाजवळ अॅक्सलखाली जॅकचा आधार ठेवायचा, कारण शॉकअप सुटला की अॅक्सल खाली लोंबतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. गाडी मात्र जॅकवर नाही, घोडीवर (जॅक स्टँडवर). यात चर्चा नको.

मी हे पहिल्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. वॉचमनकाकांच्या देखरेखीखाली दीड तासात दोन्ही बाजू झाल्या आणि मी स्वतःवर फारच खूश होतो. तिसऱ्या महिन्यात मागून जुन्या पलंगासारखी कुरकुर सुरू झाली. चूक बारीक होती. चाकं हवेत लोंबत असतानाच मी खालचा बोल्ट करकचून आवळला होता. त्या बोल्टाभोवती रबराचा बुश असतो आणि तो सरकत नाही, पिळला जातो. लोंबत्या स्थितीत आवळला की गाडी जमिनीवर नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच राहतं, आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं बसवायचा, गाडीचा भार चाकांवर येऊ द्यायचा, मग आवळायचा. गॅरेजमधला पोरगाही घाईत हे विसरतो, पण तिथे निदान भांडता येतं.

आता पुढची बाजू. मारुती ८०० पासून आजच्या हॅचबॅकपर्यंत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० मध्ये इंग्लंडातल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत आली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर, स्टिअरिंग फिरवलं की अख्खा खांब फिरतो. जागा वाचते, सुटे भाग कमी लागतात. पण शॉकअप बदलायचा तर आता स्प्रिंग सोडवावीच लागते. खांबावर दाबून बसवलेल्या त्या स्प्रिंगवर गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार येतो. छोट्या गाडीतही दोन-अडीच क्विंटल. ती दाबायला आकड्यांचा कॉम्प्रेसर लागतो. समोरासमोर दोन आकडे, दोन्ही सारखे आवळायचे. एक निसटला तर स्प्रिंग कुणाच्या दिशेनं जाईल ते सांगता येत नाही. काही ठिकाणी हेच काम तार गुंडाळून करताना मी पाहिलंय आणि चार पावलं मागे सरकलोय.

बॉनेट उघडलंत की खांबाच्या डोक्यावर बहुधा दोन-तीन नट गोलात दिसतील आणि मधोमध एक. कडेचे सोडवा. मधल्याला हात लावू नका. स्प्रिंग त्यानंच धरून ठेवली आहे. खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दोन मोठे बोल्ट, शिवाय ब्रेकच्या होजची क्लिप आणि असली तर एबीएसची वायर. नकल तारेनं बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. मग दोन्ही स्ट्रट जसेच्या तसे स्कूटरच्या पायाशी ठेवून गॅरेजला न्या आणि स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून आणा. मी तसंच करतो. मिस्त्री हसतो, पण करून देतो.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेत मेकॅनिकचा तास महाग, म्हणून तिथे स्वतः करण्यात मोठी बचत आहे. आपल्याकडे मजुरी भागांच्या किमतीपुढे फारशी नसते. फायदा आहे तो डोळ्यांचा. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून शॉकअपबरोबर वरचं माउंटिंग, बेअरिंग, धूळटोपी आणि रबरी बंपस्टॉपही आणले, तर ते खरोखर बसले की जुनेच परत चढले, हे तुम्हाला माहीत असतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पाना खाली ठेवा.

आणि काहीही सोडवण्याआधी ‘खट्’ नेमकं कुठलं ते शोधा. एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी एकदा दोन्ही पुढचे शॉकअप बदलले. घरी येताना पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज. दोषी निघाला लिंक रॉड, बोटाएवढ्या जाडीचा. त्याची बॉल ढिली झाली होती, हातानं हलवली तरी खुळखुळायची. तो बदलायला दोन नट पुरतात आणि तो तर तुम्ही नक्कीच बदला. लोअर आर्मचा बुश मात्र प्रेसशिवाय निघत नाही. हातोडीनं ठोकलात तर आर्मच वाकेल.

स्ट्रट परत चढवले की नकलच्या बोल्टांना भोकात थोडा खेळ असतो, त्यामुळे चाकाचा कल बदलतो. जुन्या जागी खुणा करून ठेवल्या असल्या तरी गाडी सरळ अलाइनमेंटला न्या. तिथून हिरव्या-लाल आकड्यांचा एक कागद हातात मिळेल, तो फेकू नका. पुढच्या आठवड्यात तोच वाचायचा आहे.