दहा गुंठे भेंडी

मुरबाड तालुका, फेब्रुवारी.

पहाटे ५.
गोठ्यात दोन म्हशी, एक पारडू. दुभती एकच. वहिनी आंबोण पुढ्यात ठेवतात आणि कासेला हात घालतात. साडेचार लिटर निघतं. लिटरभर घरात, बाकी डेअरीच्या गाडीला, साठ रुपयांनी.

सकाळी ६.
शेण आधी कोरडंच ओढून घ्यायचं, मग खराटा आणि दोन बादल्या पाणी. पाइप लावत नाहीत. मोरीतून चर काढलाय, तो थेट हत्तीगवताच्या वाफ्यात जातो. त्या गवताला वेगळं पाणी नाही. तेच गवत संध्याकाळी म्हशीपुढे येतं.

सकाळी ७.
भेंडीची तोडणी. लव खाजते म्हणून दोघींनी हातांवर जुने मोजे चढवलेत. दुसरी बाई मजुरीची, दुपारपर्यंतचे २५०. बोटभर लांबीची, कोवळी शेंग तेवढी निर्यातीत चालते. एक दिवस चुकला की ती जून होते आणि भाव निम्म्याच्या खाली जातो. म्हणून तोडणी दिवसाआड, घरात लग्न असलं तरी.

सकाळी १०.
दादा ओहोळावर डिझेल इंजिन चालू करतात. पोत्यांत माती भरून गावकऱ्यांनी दिवाळीनंतर बंधारा घातला, त्याच्या मागचं हे पाणी. अर्ध्या तासात उंचवट्यावरच्या दोन टाक्या भरतात, चार हजार लिटर. इंजिन बंद. पुढे ठिबक उतारानं चालतं, दोन-अडीच तास. सरीनं पाणी सोडायचे तेव्हा इंजिन दीड तास चालायचं. आता पंचेचाळीस रुपयांच्या डिझेलमध्ये भागतं. ठिबकाला सरकारी अनुदान आहे, पण पैसे आधी स्वतःचे घालावे लागतात. त्या वर्षी एक म्हैस विकली.

सकाळी ११.३०.
टेम्पो येतो. अडतीस किलो पास, पस्तीसनं. सात किलो बाजूला, ती गावात विकायची.

दुपारी १.
भाकरी खाऊन वहिनी मागच्या खाचरात जातात. वीस गुंठे वाल. भात कापल्यावर ओलीवर पेरला, त्यानंतर एक थेंब दिला नाही. शेंगा भरल्यात. या खाचरातल्या भातानं घरचं धान्य दिलं, पेंढ्यानं म्हशींची उन्हाळ्याची सोय केली, आणि उरलेल्या ओलीनं वाल. एकाच पावसानं तीन कामं केली. मला या शेतातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, ठिबकापेक्षाही.

दुपारी ४.
म्हशी पाण्यावर. कोरडा पेंढा खाणारी म्हैस भरपूर पिते. दोघींना मिळून शंभर लिटरच्या आसपास. हे पाणी तोडता येत नाही, पाणी कमी पडलं की दूध लगेच उतरतं.

संध्याकाळी ६.३०.
बंधाऱ्याच्या डोहात दादांनी बांबू रोवलाय, त्यावर रंगाच्या खुणा. आठवड्यात पाणी चार बोटं उतरलंय. पोत्यांमधून एके ठिकाणी झिरपतंय. तिथं ते चिखल थापतात, वर दगड.

रात्री ८.
हिशोब. भेंडीचे १३३०. त्यातून २५० मजुरी, ४५ डिझेल. ही दोन दिवसांची कमाई.

‘‘भेंडी अजून दहा गुंठे वाढवली तर?’’ मी विचारलं.

‘‘लावता येईल हो,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पण मग म्हशींना काय पाजू?’’

बारवी धरण याच भागात, त्याचं पाणी कल्याण-डोंबिवलीकडे जातं. वहिनींचा ओहोळ एप्रिलअखेर आटतो. त्याआधी भेंडी उपटायची आणि डोहात राहील ते पाणी म्हशींना ठेवायचं, हे पेरतानाच ठरलेलं असतं.