एका ठिपक्याची किंमत: कूलर बॉडीचं मास्किंग आणि दुकानात बनणारी बुचं

फेब्रुवारी लागला की नागपूरपासून सावनेरपर्यंत फॅब्रिकेशनच्या दुकानांत एकच काम दिसतं, कूलर. गिऱ्हाईक आता ऑइल पेंटवर खूश होत नाही, त्याला पावडर कोटिंग पाहिजे. म्हणून व्हिडिओत मास्किंग दाखवलं. वेळेअभावी त्यात जे राहिलं ते इथे लिहितो.

मास्किंग म्हणजे जिथे पावडर नको तिथे झाकण. बरेच जण याला आट्यांपुरतंच समजतात. आट्यांचा त्रास खरा आहेच. थर ६० ते ८० मायक्रॉनचा, पण आटे तिरपे असल्यामुळे पिच डायमीटरवर त्याचा फरक थराच्या चौपट पडतो. ६० मायक्रॉन धरले तरी पाव मिलिमीटरच्या जवळपास गेलं. मग एम-८ चा बोल्ट कसा बसेल? पण त्यात फार तर टॅप मारायचा वेळ जातो. अर्थिंगच्या जागेचं तसं नाही.

पावडर दिसते रंगासारखी, पण ती प्लास्टिकचा थर आहे, वीज जाऊ देत नाही. अर्थिंगचा बोल्ट या थरावर कसला, तर हिरवी वायर दिसायला जोडलेली आणि प्रत्यक्षात तुटलेली. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या येतात. कारणं अनेक असतात: पंपाची सोललेली वायर, ओली फरशी, घरातच अर्थिंग नसणं. ती सगळी आपल्या हातात नाहीत. बोल्टखालचा पत्रा उघडा ठेवणं मात्र आपल्याच हातात आहे. घरगुती उपकरणांच्या आयएस ३०२ मध्ये उपकरणाच्या अर्थ टर्मिनलपासून बॉडीपर्यंतचा रोध ०.१ ओहमच्या आत मागितला आहे. साध्या मल्टिमीटरवर एवढं बारीक मोजता येत नाही, पण बीपसुद्धा वाजत नसेल तर तो कूलर दुकानाबाहेर सोडू नका. "दातेरी वायसर थर फोडून घेईल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, भाऊ. वायसर लावा, पण खाली पत्रा उघडाच पाहिजे.

आता टेप. भट्टी १८० ते २०० डिग्रीला असते आणि जॉब आत दहा-पंधरा मिनिटं राहतो. कागदी मास्किंग टेपचा गोंद तिथे जळून पत्र्याला चिकटतो, वायरिंगची काळी टेप वितळते. लागते ती हिरवी पॉलिस्टर टेप, सिलिकॉन गोंदाची. त्याहून जास्त ताप असेल तर पिवळट तपकिरी पॉलिइमाइड टेप, पण ती महाग, कूलरला गरज नाही.

ठिपके कापायला पोकळ पंच आणि हातोडी पुरते. जास्त लागत असतील तर गावातल्या रेडियमवाल्याकडे जा. नंबर प्लेटची अक्षरं कापणाऱ्या त्याच्या मशीनवर टेप सुटणाऱ्या कागदावर लावून शेकड्याने ठिपके निघतात. ठिपका वायसरपेक्षा थोडा मोठा ठेवा. टेप लावायची ती धुणं आणि वाळवणं झाल्यावर. आधी लावली तर खाली राहिलेलं पाणी भट्टीत बुडबुडे काढतं. काढायची जॉब कोमट असताना, हातमोजे घालून. पूर्ण थंड झाल्यावर ओढली की कडेचा टवका निघतो. उघडा पत्रा गंजतो, म्हणून बोल्ट कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

भोकांना आणि आट्यांना टेप पुरत नाही, तिथे सिलिकॉनचं बूच. मूर्तीच्या साच्यांसाठी दोन भागांचं ओतायचं सिलिकॉन मिळतं, त्यातून बनवता येतं. घेताना डब्यावरची तापमानाची मर्यादा वाचा, सगळी २०० ला टिकत नाहीत. लेथवाल्याकडून नायलॉनच्या ठोकळ्यात निमुळते खड्डे पाडून घ्या, वरचं तोंड भोकापेक्षा मोठं आणि टोक लहान. दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. हळू ओता, म्हणजे हवा अडकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काढा. मग सर्वात महत्त्वाचं: पहिल्यांदा ती रिकाम्या भट्टीत, ताप हळूहळू वाढवत, काही तास भाजा. कच्च्या सिलिकॉनची वाफ जॉबवर बसली तर पावडरला बारीक खड्डे पडतात, आणि एका बुचाने अख्खी बॅच जाते. भोक आरपार नसेल तर बुचाला बारीक छिद्र ठेवा. आतली हवा तापून फुगते आणि बूच बाहेर फेकते.

जुना बोल्ट फिरवून आटे झाकायची पद्धतही चालते, फुकट आहे. फक्त डोक्याच्या कडेला पावडर जोडली जाते आणि काढताना टवका उडतो. जिथे नंतर वायसर बसणार तिथेच करा.

खर्चाचं बोलू. २५ मिलिमीटर रुंद, ६६ मीटरच्या रोलमधून २५ चे ठिपके हिशोबाने २,६४० निघतात. वाया जाणारे सोडून २,५०० धरा. समजा रोल ५०० रुपयांना पडला, तर ठिपका २० पैशांचा. कूलरला चार ठिपके, ८० पैसे. लावायला-काढायला एक मिनिट. माणसाची मजुरी तासाला ६० धरली तर १ रुपया. झालं १ रुपया ८० पैसे. तेच नंतर ग्राइंडरने घासायचं म्हटलं तर पाच मिनिटं, म्हणजे ५ रुपये, आणि वर ओरखडे.

तरी बरेच कोटिंगवाले मास्किंग करत नाहीत, कारण त्यांचा भाव चौरस फुटावर असतो आणि मास्किंगचा पैसा त्यात कुठेच दिसत नाही. कोटिंग करून देत असाल तर मास्किंगची ओळ बिलात वेगळी टाका: इतके पॉइंट, इतका दर. करून घेत असाल तर हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरी, जिथे माल पाठवाल तिथे बॉडीवर अर्थिंगच्या जागी मार्करने गोल करा आणि चलनावर लिहा, "अर्थिंग पॉइंट १, मास्किंग करणे". माल परत आला की गाडी सोडायच्या आधी मल्टिमीटर लावा. बीप नाही वाजला तर ती बॉडी त्याच गाडीत परत चढवा.