चिंतामणरावांचे अर्थमंत्रिपद

रायगडाच्या परिसरातील नाते गावी जन्मलेले, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले आणि कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारे चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तेव्हा चलनी नोटेवर गव्हर्नर म्हणून प्रथमच एका हिंदी माणसाची सही उमटली. १९५० पासूनच्या त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या कारकिर्दीत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आयुर्विम्याचा कारभार सरकारच्या ताब्यात आला. परंतु राज्यपुनर्रचनेत महाराष्ट्राला मुंबई नाकारली गेली आणि त्याविरुद्धच्या आंदोलनात तेथे झालेल्या गोळीबाराची चौकशीही टाळली गेली, तेव्हा कुलाब्याच्या ह्या प्रतिनिधीने, लोकसभेत आपली भूमिका निःसंदिग्ध शब्दांत मांडून, १९५६ साली अधिकारपदाचा त्याग केला. इतका निःस्पृह अर्थमंत्री दिल्लीने क्वचितच पाहिला असेल. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले.