कॉफीचा भाव चढावर कळतो

कोलंबियाच्या किंदियो प्रांतात समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर सालेंतो नावाचं डोंगरगाव आहे. कॉफीच्या मुलखातून माउंटन बाइकवर एका दिवसाची सफर करायला जगभरातून लोक इथे येतात. सफरीचा साचा बहुतेक ठरलेला असतो. सकाळी गावच्या चौकातून सायकली लादलेली जीप निघते आणि डोंगराच्या धारेवर नेऊन सोडते. तिथून गाइडच्या मागोमाग कच्च्या रस्त्यानं उतरत यायचं, वाटेत एखाद्या शेतावर थांबून कॉफीचं फळ झाडावरून कपापर्यंत कसं पोचतं ते पाहायचं, जेवायचं आणि संध्याकाळी पुन्हा जीपनं गावात परतायचं. सफर सुंदर असते, यात वाद नाही. पण तिच्यातली सर्वांत शिकवणारी गोष्ट, म्हणजे चढ, सायकलस्वाराच्या वाट्याला येतच नाही; तो जीप चढते. माझं म्हणणं असं की कोलंबियाच्या कॉफीची चव, तिचा खर्च आणि ती पिकवणाऱ्याची ओढाताण या तिन्ही गोष्टी तिथल्या डोंगरउताराशी बांधलेल्या आहेत. तो उतार समजून घ्यायला सायकलीसारखं वाहन नाही. फक्त तिच्यावरून थोडं तरी वर जायला हवं.

खाली उतरण्याचं मोल मी नाकारत नाही. अँडीज पर्वत कोलंबियात शिरल्यावर तीन रांगांत फुटतो. कॉफीचा हा मुलूख त्यातल्या मधल्या रांगेच्या पश्चिम उतारावर आणि तिच्यासमोरच्या डोंगरांवर पसरला आहे. उंचीप्रमाणे इथे वनस्पतींचे पट्टे बदलत जातात. वर ढगांत बुडालेलं जंगल, त्याखाली गायींची कुरणं. कोकोरा खोऱ्यातल्या अशा कुरणांत मेणताड उभे असतात. हा कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष, साठ मीटरपर्यंत वाढणारा. छायाचित्रांत ही झाडं फार देखणी दिसतात, पण कुरणात उगवलेलं त्यांचं रोप उन्हात आणि गुरांच्या तोंडी टिकत नाही, म्हणजे आज उभे आहेत ते ताड बहुतांशी म्हातारे आहेत, हे गाइडनं सांगितलंच पाहिजे. सालेंतोच्या थोडं खाली आलं की हवा कोमट होते आणि कॉफी सुरू होते, मध्ये केळी, ओढ्याकाठी ग्वादुआ जातीचा जाड बांबू. मोटारीतून हे सगळं एकसलग हिरवं दिसतं. सायकलवर मात्र अंगावरचं जाकीट कुठे काढावंसं वाटलं यावरूनही पट्टा बदलल्याचं कळतं. अरेबिका कॉफीला कडक ऊन नको आणि गोठवणारी थंडीही नको. विषुववृत्ताजवळच्या या देशात तिला हवी तशी हवा साधारण एक हजार ते दोन हजार मीटरांच्या दरम्यानच मिळते. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, आणि चवीतली नाजूक आंबटगोडी या सावकाशीचं देणं आहे. काल्दास, रिसाराल्दा, किंदियो आणि वाये देल काउका या चार प्रांतांतल्या कॉफीच्या मुलखाला युनेस्कोनं २०११ साली जागतिक वारसा म्हटलं, त्यामागेही अवघड डोंगरउतारावर लहान शेतकऱ्यांनी उभी केलेली ही शेतीच होती.

आता या उताराची दुसरी बाजू. इथे वर्षातून दोन पावसाळे येतात आणि त्यांच्या मागोमाग झाड फुलतं. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी, पिवळट आणि लाल फळं एकत्र असतात. लाल तेवढी घ्यायची, बाकीची पुढच्या फेरीसाठी ठेवायची. तोडणी करणारा माणूस कमरेला प्लॅस्टिकची टोपली बांधून उतारावर तिरका उभा राहतो. वरच्या बाजूचा गुडघा वाकलेला, खालच्या पायाची टाच मातीत रुतवलेली. एका हातानं फांदी वाकवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी लाल फळ पिरगाळून टोपलीत सोडायचं, शेजारच्या हिरव्या फळाचा देठ न दुखवता. टोपली भरली की पोत्यात रिकामी करायची आणि पोतं खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणायचं. मजुरी किलोवर. हात चांगला बसलेला माणूस दिवसाला शंभर किलोच्या आसपास फळं तोडतो. त्यातून गर काढून, आंबवून, धुऊन आणि वाळवून साधारण वीस किलो कवचासकट बी मिळतं. कवच काढल्यावर सोळा किलो, भाजल्यावर तेरा-चौदा. एका माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीतून एवढीच कॉफी येते. ब्राझीलच्या सपाट पठारांवर हे काम झाडांच्या ओळींवरून चालणारं यंत्र करतं, एका फेरीत सगळी फळं झाडून घेतं आणि कच्ची-पिकी मागाहून निवडली जातात. किंदियोच्या उतारावर ते यंत्र उभंही राहू शकत नाही. आणि तरीही अरेबिकाचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या बाजारात एकाच आकड्यात ठरतो. कोलंबियाच्या कॉफीला त्यावर थोडी जादा रक्कम मिळते, पण मूळ आकडा ठरवताना सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या ब्राझीलमधलं पीक कसं आहे याचंच वजन पडतं. चढावर पिकलेल्या मालाला सपाटीच्या भावाशी टक्कर द्यावी लागते, हे या शेतीचं मूळ दुखणं आहे.

पूर्वी या दुखण्यावर एक इलाज होता. उत्पादक आणि ग्राहक देशांमधल्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारानं प्रत्येक देशाचा निर्यातीचा कोटा ठरवून दिला होता, त्यामुळे भाव धरून राहत. जुलै १९८९मध्ये ही कोटा पद्धत कोसळली आणि भाव काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर आले. १९२७ साली स्थापन झालेला कोलंबियाच्या कॉफी उत्पादकांचा महासंघ आजही शेतकऱ्याचा माल रोजच्या जाहीर भावानं घेण्याची हमी देतो. मात्र ही हमी खरेदीची आहे, आपल्याकडच्या हमीभावासारखी किमान दराची नाही. पाच लाखांहून अधिक कुटुंबं या पिकावर आहेत आणि बहुतेकांची कॉफीखालची जमीन पाच हेक्टरांच्या आत. पुढे २००८नंतरच्या अतिपावसाच्या वर्षांत पानांवर तांबेरा पसरला आणि देशाचं उत्पादन सुमारे सव्वा कोटी पोत्यांवरून ऐंशी लाखांच्याही खाली घसरलं. चिंचिना इथल्या संशोधन केंद्रानं तयार केलेल्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणांची कोट्यवधी झाडं लावून शेतकऱ्यांनी ते उत्पादन पुन्हा वर आणलं. हा इतिहास सांगायचं कारण असं की कॉफीच्या शेतावरचं पर्यटनही याच पडझडीतून वाढलं. भाव पडल्यावर नव्वदच्या दशकात किंदियोतल्या शेतकऱ्यांनी आपली टुमदार घरं पाहुण्यांसाठी उघडली. सायकलची सफर ही त्या वाटेवरची पुढची पायरी आहे, आणि म्हणून तिनं शेतकऱ्याची गोष्ट नीट सांगावी ही अपेक्षा वाजवी ठरते.

सायकल या मुलखात पाहुणी नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. आज माउंटन बाइक जिथून जातात त्यातल्या कित्येक वाटा खेचरांच्या आहेत; कॉफीची पोती याच वाटांनी बाजारात उतरत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतून विलीस जीप आल्या आणि खेचरांचं बरंचसं काम त्यांनी उचललं. सायकलीचा तर इथे वेगळाच मान. देशभरची पहिली सायकल शर्यत १९५१ साली झाली. असल्या रस्त्यांवर शर्यत होईल का, ही शंका फेडायला एफ्राइन फोरेरो हा तरुण आधी लेत्रासचा घाट चढून काल्दासची राजधानी मानिसालेसला पोचला होता. सोबतची गाडी चिखलात रुतली, पण त्याची सायकल वर गेली. पहिली शर्यतही त्यानंच जिंकली. लेत्रासचा चढ सुमारे ऐंशी किलोमीटरांचा आहे आणि त्यात माणूस तीन हजार मीटरांहून अधिक वर जातो. ऐंशीच्या दशकात महासंघानं ‘काफे दे कोलंबिया’ या नावाचा संघ युरोपात उतरवला आणि त्या संघाच्या लुचो एरेरानं १९८७ साली स्पेनची महाशर्यत जिंकली. या सायकलपटूंच्या बाटलीत काय असे, तर गुळाचं पाणी. तिथे गुळाला पानेला म्हणतात, आणि उसाचा असा गूळ करण्यात भारताखालोखाल कोलंबियाचाच नंबर लागतो. रसाची काहील, वरची मळी काढणारा हात, साच्यात थंड होणारी ढेप हे दृश्य कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागणार नाही. कॉफीच्या मळ्यातला मजूरही न्याहारीला हेच पितो. सफरीत पाणी म्हणून बंद डब्यातलं परदेशी पेय देण्यापेक्षा गुळाचं पाणी द्यावं, एवढी साधी सूचना मला करावीशी वाटते.

चढाच्या बाजूनं बोलताना एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हजारो रुपयांची सफर विकत घेऊन आलेल्या माणसानं तासभर घाम गाळला म्हणून त्याला मजुराचं जिणं कळतं का? नाही कळत, आणि कळल्याचा आव आणणं हा त्या मजुराचा अपमान ठरेल. पाहुणा दमला की थांबतो, मजुराला किलो मोजून द्यायचे असतात. पण मी जे कळतं म्हणतो ते दुःख नव्हे, हिशेब. पाठीवर हलकी पिशवी घेऊन, सत्तावीस गियरांच्या सायकलवर, सर्वांत हलका गियर टाकूनही जो चढ चढता आला नाही, त्याच चढानं साठ किलोंचं पोतं रस्त्याला येतं, हे ज्यानं एकदा मोजलं त्याला कॉफीच्या पाकिटावरचा आकडा वेगळा दिसायला लागतो. पुस्तकात वाचूनही हे समजेल, पण पुस्तकात चढ हा एक शब्द असतो आणि डोळा त्यावरून सहज पुढे सरकतो. दुसरा आक्षेप पायी चालणाऱ्यांचा. चालण्यानं अधिक बारकाईनं दिसतं, हे मान्य. पण एका दिवसात ढगातल्या जंगलापासून केळीच्या बागांपर्यंतचे सगळे पट्टे पायी पार करणं बहुतेकांच्या आवाक्यात नाही आणि मोटारीत ते पट्टे जाणवत नाहीत. तिसरा आक्षेप व्यवहाराचा, की तीन हजार मीटरांवर विरळ हवेत सामान्य माणूस सायकल चढवू शकणार नाही. खरं आहे, आणि तशी मागणीही नाही. वरच्या धारेपर्यंत जीप जावी. मात्र शेवटचा टप्पा, म्हणजे किंदियो नदीकाठच्या बोकिया वस्तीपासून सालेंतोपर्यंतचा डांबरी घाट, सायकलीवर ठेवावा. ज्याला झेपणार नाही त्यानं बॅटरीवरची सायकल घ्यावी किंवा हातात धरून चालावं. चालतानाही चढ चढच राहतो.

या साऱ्यात गाइड लागतोच का, नकाशा तर फोनवर आहे, असं विचारणारे असतात. रस्ता सापडण्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण कॉफीची जमीन खासगी आहे. कोणत्या फाटकातून जायची परवानगी आहे, कुठे तोडणी चालू असल्यानं आज जायचं नाही, हे नकाशा सांगत नाही. शिवाय ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही माती भुसभुशीत असते. पावसानं भिजलेल्या उतारावर ब्रेक दाबून चाक घसरवलं की चर पडतो आणि पुढचा पाऊस त्या चरातून माती घेऊन जातो. चांगला गाइड म्हणूनच झाडांच्या ओळींतून सायकल घालू देत नाही, रस्त्यावरच ठेवतो, आणि थरार शोधणाऱ्याची नाराजी पत्करतो. त्याहून मोठं काम शेतावर पोचल्यावरचं. शेतकरी स्पॅनिशमध्ये जे बोलतो त्यातलं कर्ज, खताचा दर आणि शहरात गेलेली मुलं वगळून फक्त सुगंधाबद्दलचं भाषांतर करणारा गाइड अर्धंच काम करतो. सफर ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात. शेतकऱ्याला माणशी किती पैसे मिळतात, आणि तिथे कॉफी घेतली तर ती त्याच शेतातली असते का. चांगला माल निर्यातीला जाऊन खालच्या प्रतीचा देशात उरतो, अशी तिथली जुनी रीत आहे. स्वतःच्या शेतातलं उत्तम बी स्वतः भाजून पाहुण्याला विकणारा शेतकरी न्यूयॉर्कच्या आकड्यातून थोडा तरी सुटतो.

कधी जावं, याबद्दल सफरींच्या माहितीपत्रकांत डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट हे कोरडे महिने सुचवलेले असतात. निसरड्या वाटेवर अनोळखी माणूस पडू नये, ही काळजी रास्तच. पण या भागात मोठी तोडणी साधारण सप्टेंबरअखेर ते डिसेंबर आणि लहान तोडणी एप्रिल ते जून अशी असते, म्हणजे मळ्यात माणसं असतात तेव्हाच बहुधा पाऊसही असतो. ज्याला कॉफी पाहायची आहे त्यानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं, चिखलरोधक पट्टी आणि बदलीचे कपडे न्यावेत, पाऊस दुपारी गाठतो म्हणून पहाटेच निघावं, आणि उतारावरचा वेग निम्मा ठेवावा.