आयर्लंडची माणसं : दोन पणजोबांचा वारस

आयर्लंडसाठी स्वराज्य मागणाऱ्या पार्नेल यांच्या पक्षाची शिस्त आपण गेल्या आठवड्यात पाहिली. त्या पक्षात 1885 साली निवडून आलेलं एक नाव वेगळं उठून दिसतं : सर थॉमस ग्रॅटन एझमंड. वय 23, पदवी बॅरोनेट.

बॅरोनेट ही राजाने दिलेली वंशपरंपरागत पदवी. नावाआधी 'सर' लागतं आणि ते बापाकडून मुलाकडे जातं. पण बॅरोनेट उमरावांत मोडत नाही. लॉर्ड्सच्या सभागृहात त्याला जागा नसते. संसदेत जायचं तर लोकांपुढे उभं राहून मतं मागावी लागतात. एझमंड घराण्याला ही पदवी 1629 मध्ये मिळाली. वेक्सफर्डमधलं हे जुनं घराणं, बॅलिनास्ट्रा हा त्यांचा वाडा. अँग्लो-आयरिश जमीनदार बहुतेक प्रॉटेस्टंट. हे मात्र कॅथलिक.

थॉमसची आई ग्रॅटन घराण्यातली. तिचे आजोबा हेन्री ग्रॅटन यांनी 1782 मध्ये डब्लिनच्या संसदेला स्वतःचे कायदे करण्याचा हक्क मिळवून दिला आणि 1800 मध्ये ती संसद बुडत असताना शेवटपर्यंत विरोध केला. वडिलांकडचे पणजोबा डॉ. जॉन एझमंड. ते किल्डेरमध्ये सरकारच्या स्वयंसेवक घोडदळात अधिकारी होते, आणि आतून इंग्रज सत्तेविरुद्धच्या युनायटेड आयरिशमेन या बंडखोर संघटनेचे. मे 1798 मध्ये प्रॉस्परस गावातल्या बराकीवर बंडखोरांनी रात्री हल्ला केला, आग लावली. त्यांचं नेतृत्व डॉक्टरांनी केलं. पुढच्याच महिन्यात त्यांना डब्लिनच्या कार्लाइल पुलावर फाशी दिलं. फितूर म्हणून खूण पटावी यासाठी त्यांच्या अंगावरचा कोट उलटा करून घातला होता. याच डॉक्टरांचा मुलगा पुढे नववा बॅरोनेट झाला! राजाची पदवी आणि राजाविरुद्धचं बंड या घरात असं शेजारी शेजारी नांदत होतं.

थॉमस चौदा वर्षांचा असताना, 1876 मध्ये, वडील वारले आणि पदवी त्याच्याकडे आली. 1884 च्या सुधारणेने शेतमजुरांना आणि कुळांना मत मिळालं होतं. त्या बळावर दक्षिण डब्लिनसारख्या सधन मतदारसंघातून तो निवडून आला. स्वराज्य मागणारे म्हणजे उनाड, बिनबुडाचे लोक, असा विरोधकांचा प्रचार होता. व्यासपीठावर ग्रॅटनच्या रक्ताचा बॅरोनेट बसला की त्या प्रचारातली हवाच जाई. पार्नेल यांना त्याचं मोल नेमकं कळलं होतं.

पार्नेल यांच्या बाजूला असण्याची किंमतही मोजावी लागली. 1887 साली सर थॉमस वॉटरफर्डचे हाय शेरीफ होते. मानाचं पद; पण कोर्टाच्या हुकुमांची बजावणी शेरीफच्या नावाने होई, आणि त्या काळात हुकूम म्हणजे बहुतेकदा कुळाला घराबाहेर काढणं. उलट कुळांची चळवळ सांगत होती : योग्य वाटेल तेवढाच खंड एकत्र मिळून द्या, मालकाने नाकारला तर ते पैसे निधीत टाका आणि हाकललेल्यांना त्यातून जगवा. सर थॉमस कुळांच्या बाजूने राहिले आणि सरकारने त्यांना पदावरून काढलं. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. जमीनदाराच्या मुलाने खंडाच्या भांडणात कुळांची बाजू घेणं सोपं नव्हतं.

1889 मध्ये पक्षातले सहकारी जॉन डिलन आणि जॉन डीझी यांच्याबरोबर ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेले, तिथल्या आयरिश वस्त्यांतून चळवळीसाठी पैसा उभा केला. (टिळकांच्या 'होमरूल'मुळे आपल्याला ओळखीचा झालेला शब्द तेव्हा त्या वस्त्यांत रोज घुमत होता.) पुढे ते वेक्सफर्ड कौंटी कौन्सिलचे पहिले अध्यक्ष झाले. 1918 मध्ये पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाच्या लाटेत त्यांची खासदारकी संपली.

स्वतंत्र आयर्लंडने त्यांना 1922 मध्ये सिनेटर केलं. म्हणूनच मार्च 1923 मध्ये, यादवी युद्धात, इंग्लंडशी झालेला तह आणि त्यातून आलेलं सरकार न मानणाऱ्या बंडखोरांनी बॅलिनास्ट्रा जाळलं. सर थॉमस यांनी सिनेट सोडली नाही. 1934 पर्यंत ते तिथे होते. 1935 मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा मुलगा ऑस्मंड 1921 मध्ये आयर्लंडचा दूत म्हणून सिडनीला पोचला. राजनिष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, आणि बापाने जिथे सभा गाजवल्या होत्या त्या ऑस्ट्रेलियाने मुलाला किनाऱ्यावर उतरूही दिलं नाही. त्याची हकीकत पुढच्या आठवड्यात.